प्रवासी कोणावर विसंबतो? : मराठी प्रवासवर्णनातील बेटे, शहरे, पाडे आणि खान्देशातील वाचक

प्रस्तावना :

प्रवासवर्णन हा मराठीतील लोकप्रिय, परंतु समीक्षेने काहीसा दुर्लक्षिलेला वाङ्मयप्रकार आहे. त्यावर जे लेखन झाले ते बहुतांशी लेखकाच्या शैलीविषयी, विनोदाविषयी, निसर्गवर्णनाविषयी आणि 'लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचे दर्शन' या ठरलेल्या मुद्द्याविषयी झाले. महाविद्यालयीन अध्यापनातही हेच मुद्दे फिरून फिरून येतात. प्रवासी कोठे गेला आणि त्याने काय पाहिले याची चर्चा होते. तो कोणाच्या घरी झोपला, कोणाच्या हातचे जेवला, वाट चुकल्यावर त्याने कोणाला विचारले आणि या सगळ्यासाठी पैसा कोठून आला, हे प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाहीत. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यभागी ठेवून पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' (1963), त्यानंतरचे पाठीवर सॅक टाकून केलेल्या प्रवासाचे वाङ्मय आणि नर्मदा परिक्रमेचे मराठी लेखन यांचा विचार केला आहे. प्रवासी ज्याच्यावर विसंबतो तोच त्याच्या पुस्तकात माणूस म्हणून उतरतो आणि उरलेले सारे देखावा होऊन राहतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न खान्देशातून विचारण्यास एक कारण आहे. अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी रेल्वेने येणारा परदेशी तरुण बहुधा जळगावला उतरतो. तेथून लेणी सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. तो स्थानकाबाहेर येतो, बसची चौकशी करतो, उशीर झाला असल्यास एक रात्र काढतो आणि सकाळी फर्दापूरच्या बाजूला निघून जातो. त्याच्या लेखी जळगाव हे गाव नसते, गाडी बदलण्याची जागा असते. केळीच्या बागा, सराफ बाजार, बहिणाबाईंचे असोदे यांपैकी काहीही त्याच्या वाटेवर येत नाही. प्रवासवर्णन शिकवणारा जळगाव-धुळ्याचा प्राध्यापक असा स्वतःच कोणाच्या तरी प्रवासातील 'मधले गाव' असतो. तो 'पूर्वरंग' वाचतो तेव्हा मात्र प्रवाशाच्या खांद्यावरून पाहतो. मधल्या गावाच्या बाजूने हे पुस्तक कसे दिसेल, हे तपासून पाहण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

'पूर्वरंग' आणि बालीचे अंगण :

'अपूर्वाई' (1960) नंतर तीन वर्षांनी 'पूर्वरंग' आले. पहिल्या पुस्तकात युरोप होता, दुसऱ्यात पूर्वेचे देश आले. इंग्लंडकडे पाहताना मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या मनात जो एक संकोच असे, तो पूर्वेकडे वळताना गळून पडला. सिंगापूर, बाली, थायलंड, जपान येथे हा प्रवासी अधिक मोकळा, अधिक आपलेपणाने वावरतो. विनोदाचे लक्ष्य बहुतेक वेळा तो स्वतःच असतो आणि ही या लेखनाची मोठी नैतिक जमेची बाजू आहे. परक्या माणसाला हसण्याऐवजी परक्या मुलखात बावचळलेल्या मराठी माणसाला हसणे, हे त्या काळच्या कितीतरी प्रवासवर्णनांना साधलेले नाही.

बालीच्या संदर्भात हा आपलेपणा विशेष उत्कट होतो, हे स्वाभाविकच होते. संगीत आणि नाटक यांत मुरलेल्या या लेखकासमोर असे बेट आले, जेथे देवळाच्या अंगणात रामायण-महाभारत नाचले जाते. शिवाय त्याच्या आधी रवींद्रनाथ 1927 मध्ये जावा-बालीला जाऊन आले होते. त्यांच्याबरोबर गेलेल्या सुनीतिकुमार चट्टोपाध्यायांनी पुढे त्या प्रवासावर जे पुस्तक लिहिले त्याचे नावच 'द्वीपमय भारत' असे आहे. कलकत्त्यात 1926 मध्ये 'बृहत्तर भारत' या कल्पनेभोवती एक अभ्यासमंडळही स्थापन झाले होते. आग्नेय आशियातील बेटे म्हणजे भारताचाच समुद्रापलीकडे गेलेला विस्तार, ही त्या काळच्या सुशिक्षित भारतीयाच्या मनातील दृढ प्रतिमा होती. रवींद्रनाथांवर निस्सीम प्रेम करणाऱ्या पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत ती पोचली नसती तरच नवल.

या प्रतिमेने एक गोष्ट दिली आणि एक हिरावून घेतली. तिने प्रवाशाला परकेपणाच्या भयातून सोडवले. पण जे आपल्या घरचे दिसते तेवढेच पाहण्याची सवयही तिने लावली. बालीच्या 'केचक' नृत्याचे उदाहरण घेता येईल. उघड्या अंगाचे शे-दीडशे पुरुष गोल बसून 'चक-चक' असा घोष करतात आणि मध्यभागी रामायणातील प्रसंग उभा राहतो. भारतीय प्रवाशाला हे प्राचीन हिंदू परंपरेचे अवशेष वाटते. वस्तुतः तंद्रीत नेणाऱ्या 'संघ्यांग' या विधीतील पुरुषांच्या समूहघोषाला रामायणाच्या कथेची जोड देऊन आजचे केचक घडले ते 1930 च्या दशकात, वायान लिंबाक या बालीच्या नर्तकाच्या आणि वाल्टर स्पीस या तेथे राहणाऱ्या जर्मन चित्रकाराच्या सहभागातून. डच राजवटीत वाढू लागलेल्या पर्यटकांच्या वर्दळीशी त्याचा जवळचा संबंध होता. म्हणजे प्रवाशाला जे 'आपले' म्हणून भेटले, त्यातले काही प्रवाशांसाठीच घडलेले होते. याने त्या नृत्याची कलात्मक योग्यता तसूभरही कमी होत नाही. प्राचीनतेचा दाखला म्हणून मात्र ते पुढे करता येत नाही.

याच डचांनी 1906 च्या सप्टेंबरमध्ये बाडुंगच्या राज्यावर चाल केली, तेव्हा राजा, त्याचे कुटुंब आणि दरबारी शुभ्र वस्त्रे लेवून तोफांसमोर चालत गेले आणि मेले. बालीत त्या सामूहिक आत्मार्पणाला 'पुपुतान' म्हणतात. राजपूत जोहाराच्या कथांवर वाढलेल्या भारतीय वाचकाला रामायणाच्या प्रयोगापेक्षा ही घटना कितीतरी जवळची वाटायला हवी. पण ती अंगणात नाचून दाखवली जात नाही.

पुस्तक आले त्याच वर्षी, 1963 मध्ये, आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक होऊन बालीत हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 1965 च्या अखेरीस इंडोनेशियातील राजकीय हत्याकांड बालीपर्यंत पोचले आणि गावोगावी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. मृतांचा आकडा हजारोंच्या घरात होता. इंडोनेशियाने 1960 मध्ये केलेल्या जमीनविषयक कायद्यानंतर कूळ आणि मालक यांच्यात पेटलेले तंटे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. प्रवासवर्णन हे भविष्यकथन नव्हे आणि थोड्या दिवसांच्या पाहुण्याला जमिनीचे तंटे दिसले नाहीत म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण देवळाच्या अंगणात बसलेला प्रवासी ज्यांच्यावर विसंबलेला होता ते कलावंत होते, यजमान होते, वाटाडे होते. कूळ म्हणून राबणाऱ्या शेतकऱ्याशी त्याचे काही काम पडत नव्हते. म्हणून तो शेतकरी हिरव्या पायऱ्यांच्या शेतात वाकलेला, दुरून सुंदर दिसणारा राहिला.

येथे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांचा अनुभव आठवतो. 1958 मध्ये ते पत्नीसह बालीतील एका खेड्यात अभ्यासासाठी राहायला गेले. गावकरी त्यांच्याकडे जणू ते तेथे नाहीतच अशा रीतीने दुर्लक्ष करीत. पुढे एका बेकायदा कोंबडझुंजीवर पोलिसांची धाड पडली, लोक पळाले आणि हे दोघेही ओळखपत्र दाखवून वेगळे होण्याऐवजी गावकऱ्यांबरोबरच पळत सुटून एका अनोळखी माणसाच्या अंगणात शिरले. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांच्याशी बोलू लागले. त्यांच्या 1972 च्या प्रसिद्ध निबंधाचा आरंभच या प्रसंगाने होतो. प्रवासी जेव्हा खरोखरीच कोणाच्या तरी आसऱ्याला जातो तेव्हा गाव त्याला दिसू लागते, आणि तोही गावाला दिसू लागतो.

पायऱ्यांच्या शेतातील पाणी :

'पूर्वरंग' वाचणारा प्राध्यापक साक्री तालुक्यातील असेल, तर बालीच्या त्या हिरव्या पायऱ्या पाहून त्याच्या मनात वेगळाच प्रश्न यावा. या शेतांना पाणी कोण सोडतो? पांझरा, मोसम या नद्यांवर लहान लहान बंधारे बांधून पाटाने पाणी वळवण्याची 'फड' पद्धत धुळे-नाशिकच्या या पट्ट्यात गेली तीनेकशे वर्षे तरी चालत आली आहे. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडलेले असतात. कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे हे एकट्याने ठरवायचे नसते, सर्वांनी मिळून ठरवायचे असते. पाणी देण्याचे काम पाटकरी करतो, राखण जागल्या करतो आणि त्यांची मजुरी बागायतदारांनी मिळून द्यायची असते. पाण्याचे वर्ष वाईट असेल तर भिजवण्याचे फड कमी करायचे, म्हणजे टंचाईचा वाटा सगळ्यांना सारखा येतो. वरच्या अंगाला मोठी धरणे होत गेली, विहिरी आणि मोटारी वाढल्या, तसतशी ही पद्धत क्षीण झाली. तरी तिची भाषा अजून तोंडात आहे.

बालीत नेमकी अशीच व्यवस्था आहे आणि तिला 'सुबाक' म्हणतात. एका पाटावर भिजणाऱ्या सर्व शेतकऱ्यांचा तो संघ. त्याचा प्रमुख 'पेकासे' हा सर्वांनी निवडलेला असतो. पाण्याच्या देवळातील सणांच्या वेळापत्रकाशी पेरणी आणि कापणी जोडलेली असते. त्यामुळे एका खोऱ्यातील शेते एकाच वेळी पडीक राहतात आणि किडीला खायला काही उरत नाही. 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या उत्साहात सरकारने या वेळापत्रकाला फाटा देऊन ज्याने त्याने शक्य तितक्या वेळा भात लावावा असा आग्रह धरला. कीड आणि पाण्याची भांडणे दोन्ही वाढली. स्टीफन लान्सिंग यांनी 1991 च्या आपल्या ग्रंथात देवळांची ही जलव्यवस्था कशी काम करते हे सप्रमाण मांडले आणि 2012 मध्ये सुबाकच्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. फड पद्धतीला तसा दर्जा नाही. पांझरेच्या काठी पर्यटक येत नाहीत, हे त्याचे एक कारण असू शकेल.

या तुलनेचा हेतू 'पूर्वरंग'च्या लेखकाने शेतीवर लिहायला हवे होते असे सुचवण्याचा नाही. गाणारा माणूस गाण्याकडे जाणारच, आणि त्याने तसे केले म्हणूनच ते पुस्तक टिकले. मुद्दा साम्य शोधणाऱ्या नजरेचा आहे. ही नजर पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरून बालीला गेली आणि तिला रामायण दिसले. हीच नजर पिंपळनेरहून गेली असती तर तिला पाटकरी दिसला असता. पहिल्या साम्याने भारत मोठा आणि बाली त्याची शाखा ठरते. दुसऱ्या साम्यात कोणीही कोणाची शाखा नाही. दोन दूरच्या मुलखांतल्या शेतकऱ्यांनी एकाच अडचणीवर स्वतंत्रपणे काढलेले ते दोन तोडगे आहेत. मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेने पहिल्या प्रकारच्या साम्याचे कौतुक पुष्कळ केले. दुसऱ्या प्रकारचे साम्य कोठे आले आहे का, हे शोधण्याचे काम तिने हाती घेतलेच नाही.

सॅकवाल्यांचा मार्ग :

1973 मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने आशिया स्वस्तात कसा ओलांडावा याची एक छोटी पुस्तिका काढली. 1975 मध्ये त्यांचे आग्नेय आशियावरचे पिवळ्या वेष्टनाचे पुस्तक आले आणि 'लोनली प्लॅनेट' हे नाव जगभर पोचले. 1981 मध्ये भारताचा खंड आला. या पुस्तकांनी एक नवा प्रवासी घडवला. तो तरुण आहे, पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढेच त्याचे सामान आहे. तो साध्या बसने, बोटीने, तिसऱ्या वर्गाने फिरतो आणि कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त दिवस काढतो. प्रवासवर्णनाने इतकी वर्षे लपवलेला पैशाचा हिशेब त्याने उघड्यावर आणला, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागेल.

मराठी प्रवाशाच्या बाबतीत या हिशेबाला निराळाच इतिहास आहे. 1960 च्या दशकात भारतीयाला परदेशी जाताना फार थोडे परकीय चलन मिळे. परदेशी गेलेला मराठी लेखक त्यामुळे आपोआपच काटकसरी असे आणि तेथील भारतीय कुटुंबांच्या पाहुणचाराचा आधार त्याला फार मोलाचा वाटे. सॅकवाल्या युरोपीय तरुणाचे दारिद्र्य हौसेचे होते, मराठी प्रवाशाचे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले होते. दोघांच्याही खिशात पैसे कमीच, पण एकाला हवे तेव्हा घरून मागवता येत होते. स्वस्ताईचे तत्त्वज्ञान रचण्याची सवड ज्याला मिळाली, तो हा पहिला.

सॅकवाला सावकाश जातो, सार्वजनिक वाहनाने जातो, म्हणून मधली गावे त्याच्या पुस्तकात येतील अशी अपेक्षा होती. झाले उलट. मार्गदर्शक पुस्तकाने सांगितलेल्या त्याच खानावळीत, त्याच गल्लीत सगळे जमू लागले. बालीत कुटा, बँकॉकमध्ये खाओ सान रस्ता, गोव्यात हणजुणे ही त्यांची ठाणी झाली. एका ठाण्यावरून उठून दुसऱ्या ठाण्यावर जाणे हाच प्रवास झाला. समुद्रातले बेट असो की शहरातली गल्ली, सॅकवाल्यांचा भूगोल हा बेटांचाच भूगोल आहे आणि मधला मुलूख हे केवळ ओलांडायचे पाणी. अलेक्स गार्लंड यांच्या 1996 च्या 'द बीच' या कादंबरीने याच वृत्तीवर बोट ठेवले. कोणत्याही पुस्तकात नसलेला किनारा शोधणारे तरुण शेवटी आपली एक वसाहतच उभी करतात. त्या कादंबरीवरील चित्रपट 2000 मध्ये प्रदर्शित झाला आणि जेथे तो चित्रित झाला त्या थायलंडमधील माया उपसागरावर एवढी झुंबड उडाली की प्रवाळाची हानी थांबवण्यासाठी तो जून 2018 पासून बंद ठेवावा लागला. तो पुन्हा उघडला 2022 मध्ये. एखाद्या कथेच्या इशाऱ्याचीच जाहिरात व्हावी, याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मराठीत या प्रकारच्या प्रवासाच्या सर्वांत जवळ जाणारे लेखन मीना प्रभू यांचे आहे. पन्नाशीनंतर लेखनाकडे वळलेल्या, लंडनस्थित डॉक्टर असलेल्या या लेखिकेने 2025 मध्ये निधन होईपर्यंत प्रवासवर्णनांची मोठी मालिका मराठीला दिली. लॅटिन अमेरिकेवरील त्यांच्या 'दक्षिणरंग' या पुस्तकाचे नाव 'पूर्वरंग'ची आठवण करून देणारे आहे, पण प्रवासी निराळा आहे. ती पुष्कळदा एकटी फिरणारी स्त्री आहे. अनोळखी देशात एकट्या स्त्रीला रात्रीच्या आसऱ्यासाठी, वाहनासाठी, सुरक्षिततेसाठी पदोपदी माणसे पारखावी लागतात. म्हणून टॅक्सीवाला, घरमालकीण, शेजारच्या आसनावरची आजी ही तिच्या लेखनात नावानिशी, स्वभावानिशी येणारी माणसे होतात. तपशिलांचा सोस, इतिहासाच्या लांबलचक टिपा यांमुळे हे लेखन काही ठिकाणी पसरट होते, हे नाकारता येणार नाही. तथापि विसंबून राहण्यातून माणूस दिसतो, या सूत्राची मराठीतील ती उत्तम साक्ष आहे. त्या पुस्तकांच्या खपाची चर्चा झाली तितकी या अंगाची झाली नाही.

शूलपाणीची झाडी :

विसंबण्याची मराठी परंपरा परदेशप्रवासाहून कितीतरी जुनी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे चालत निघाले आणि ऐन बंडात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. पोटासाठी निघालेला हा ब्राह्मण ज्याच्या ओसरीवर टेकला त्याची नोंद करतो, कारण त्या ओसरीवाचून त्याचा पुढचा दिवस उगवणार नव्हता. गो. नी. दांडेकर यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मधील नर्मदेची परिक्रमाही अशीच भिक्षेवर आणि सदावर्तावर चाललेली आहे. नर्मदा उजव्या हाताला ठेवून, ती कोठेही न ओलांडता, संग्रह न करता चालायचे, हा परिक्रमेचा नियम. 'कमी पैशांत प्रवास' ही कल्पना येथे मुळापासून बदलते, कारण पैसाच वर्ज्य आहे. मधले गाव वगळण्याची येथे सोयच नाही. प्रत्येक मुक्काम कोणाच्या तरी दारात होतो आणि दारातील ती आई, तो कोळी, तो साधू यांच्या रेखा गो. नी. दांडेकर यांनी ज्या मायेने काढल्या आहेत तिला मराठीत तोड नाही.

तथापि याच परंपरेत एक अशी जागा आहे जेथे ही माया आटते. ती जागा म्हणजे शूलपाणीची झाडी. दक्षिण तटावरील हे अरण्य अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतून जाते. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे तालुके धुळे जिल्ह्यात होते, म्हणजे हा खान्देशच. परिक्रमेच्या मराठी लेखनात येथील प्रसंग जवळजवळ ठरलेला असतो. झाडीत भिल्ल भेटतात, परिक्रमावासीयाजवळचे सारे काढून घेतात, लंगोटीनिशी सोडतात. लेखक त्याला नर्मदामाईने घेतलेली परीक्षा मानतो, अपरिग्रहाचा शेवटचा धडा मानतो आणि पुढे चालू लागतो. लुटणाऱ्यांना 'मामा' म्हणण्याची रीत आहे. संबोधन नात्याचे आहे, पण त्या मामाचे नाव, गाव, घर, पीक, त्याची उपाशी पोरे यांपैकी काही लेखनात सहसा येत नाही. तो अरण्याचा भाग आहे, काट्यांसारखा आणि वाघासारखा.

हे चित्र परिक्रमेनेच निर्माण केले असे मात्र नाही. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हापासून भिल्ल हा शब्द सरकारी कागदांत लूटमारीच्या जोडीने येऊ लागतो. जेम्स औट्रम यांनी 1825 मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभी केली ती याच विचाराने. 1880 च्या खान्देश गॅझेटियरमध्ये या मुलखाची माहिती अफाट आहे, आणि भिल्लांकडे पाहण्याची दृष्टी मात्र बंदोबस्ताची. 1878 च्या वनकायद्याने जंगलावरील पिढीजात वहिवाट गुन्हा ठरू लागली, तेव्हा त्या जंगलात राहणाऱ्याकडे उरले काय, हा प्रश्न ना गॅझेटियरला पडला ना यात्रेकरूला. परिक्रमावासी सर्वत्र दुसऱ्याच्या दारावर विसंबला. झाडीत त्याला दार नव्हते, फक्त वाट होती. म्हणून तेथील माणूस त्याला माणूस म्हणून दिसला नाही. प्रस्तुत लेखाचे सूत्र येथे त्याच्या सर्वांत कठोर रूपात समोर येते.

ही बाब केवळ वाङ्मयीन नाही. 1990 मध्ये जळगावला स्थापन झालेल्या, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या परिक्षेत्रात जळगाव आणि धुळ्याबरोबर नंदुरबारही येते. त्यामुळे येथील मराठीच्या वर्गांत भिल्ल आणि पावरा विद्यार्थी बसलेले असतात. 'परिक्रमेच्या लेखनातील अध्यात्म' हा मुद्दा फळ्यावर लिहिला जातो तेव्हा त्यांच्या आज्या-पणज्यांची त्या लेखनातील भूमिका ठरलेली असते. पुणे-मुंबईच्या वर्गात हा प्रसंग रोमांचक वाटेल. शहादा, तळोदा, धडगावच्या वर्गात तो तसा वाचता येत नाही, आणि तसा वाचला जात असेल तर वर्गात काहीतरी दडपले जात आहे असे समजावे.

पाण्याने केलेली बेटे :

आज ती झाडीही राहिलेली नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली आणि मणिबेली त्यांत सर्वांत आधी सापडले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्याखाली गेले. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी 138.68 मीटरपर्यंत साठवण्याची मुभा मिळाली. डोंगरांच्या सोंडा पाण्यात बुडून त्यांचे माथे तेवढे वर राहिले आणि काही पाडे टापू झाले. बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जायचे तर बोट. परिक्रमावासी आता काठावरची जुनी वाट सोडून शहादा-प्रकाशे बाजूच्या सडकेने वळसा घालतात. तेथे रस्त्याकडेला त्यांना चहा, जेवण, निवारा मिळतो आणि त्या यजमानांची नावे अलीकडच्या पुस्तकांत आवर्जून येतात. लेखाच्या सूत्राप्रमाणेच हे झाले. झाडी वगळली गेली, तिच्यातील माणसेही वगळली गेली. आग्नेय आशियातील बेटांवर मराठीत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. सातपुड्यातील या नव्या बेटांवर आंदोलनाचे वाङ्मय आहे, अहवाल आहेत, पण सावकाश, पायी, कोणाच्या तरी ओट्यावर झोपून लिहिलेले प्रवासवर्णन म्हणावे असे फारच थोडे.

दुसऱ्या बाजूने लिहिण्याची सुरुवात मात्र झालेली आहे. शहादा परिसरातील वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह 1987 चा. त्यांच्या 'स्टेज' या कवितेत व्यासपीठावर कोण बसतो आणि खाली कोण बसतो, हा जो प्रश्न आहे तो प्रवासवर्णनालाही तसाच्या तसा लागू पडतो. ती कविता प्रवासवर्णनाच्या वर्गात, 'पूर्वरंग'च्या शेजारी ठेवून शिकवता येईल. अभ्यासक्रमाचे चौकटबंद विभाग त्याला आड येतात, पण तेवढी मोकळीक प्राध्यापकाला अजून आहे.

आणि नंदुरबारचा आदिवासी प्रवास करत नाही असेही नाही. पावसाळा सरला की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातकडे निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, गोधड्या, लहान मुले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक गाठोडे. कमीत कमी सामान, कमीत कमी पैसा, अनोळखी भाषा, मुक्काम कोठे पडेल याचा भरवसा नाही. सॅकवाल्या प्रवाशाने ज्या ज्या गोष्टी हौसेने अंगीकारल्या त्या सगळ्या या प्रवासात आहेत. उचल घेतलेल्या मुकादमावर, कारखान्याच्या गाडीवर, उसाच्या फडाशेजारी झोपडी घालू देणाऱ्या शेतमालकावर हा प्रवासी विसंबून असतो आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला तो नावानिशी ओळखतो. मार्च-एप्रिलच्या सुमारास टोळ्या परततात. तोवर वर्गातील काही बाके रिकामी असतात आणि हजेरीपटावर त्या विद्यार्थ्यांच्या नावापुढे गैरहजर एवढीच नोंद असते.